रामसेस तिसऱ्याविरुद्धचा कट: अंतःपुरातून गादीकडे जाणारा रस्ता

तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाविरुद्ध झालेल्या कटाचा खटला आजही वाचता येतो. इटलीतल्या तुरिन शहराच्या संग्रहालयात पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची, सुमारे साडेपाच मीटर लांबीची एक गुंडाळी आहे. आरोपींची नावं, त्यांची पदं, त्यांनी काय केलं आणि त्यांना काय शिक्षा झाली, हे तीत एकेक करून लिहिलेलं आहे. काळ इसवी सनापूर्वी ११५५च्या आसपासचा आणि राजा इजिप्तचा रामसेस तिसरा. आरोपींमध्ये एक राजपुत्र आहे, एक सेनापती आहे, राजाच्या खासगी दालनातले सेवक आहेत, मंत्रतंत्र जाणणारे विद्वान आहेत आणि अंतःपुराच्या दारावरच्या माणसांच्या बायकाही आहेत. खटला चालू असतानाच त्यात आणखी काही जणांची भर पडली. ते होते खुद्द न्यायाधीश.

या गुंडाळीत एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नाही, ती म्हणजे राजा वाचला की मारला गेला. अभ्यासक शतकाहून अधिक काळ यावर वाद घालत राहिले. मग २०१२ साली राजाच्या ममीच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. त्याकडे पुढे येऊच.

ही हकिगत बहुतेक वेळा ‘कारस्थानी राणी आणि म्हातारा राजा’ अशी सांगितली जाते. ती तशी सांगितली की सोपी होते, पण कळत नाही. इतकी माणसं, तीही राजाच्या अन्नावर वाढलेली, एका राणीच्या हट्टापायी जीव पणाला लावतील का? त्यांनी तो का लावला हे समजून घ्यायचं तर आधी त्या दरबारात सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे कशी जायची ते पाहावं लागतं.

गादी कुणाची?

इजिप्तचा राजा केवळ राज्यकर्ता नव्हता. तो पृथ्वीवरचा होरस, म्हणजे ससाण्याच्या रूपातला देव होता. तो मेला की ओसिरिस व्हायचा, म्हणजे मृतांच्या जगाचा देव, आणि गादीवर बसणारा त्याचा मुलगा नवा होरस. धर्माची मांडणी अशी पक्की होती. पण राजाला मुलं बरीच असतील तर त्यांपैकी कोणता मुलगा होरस होणार, याचं उत्तर त्या मांडणीत नव्हतं. पट्टराणीच्या थोरल्या मुलाचा हक्क मोठा मानला जाई. तरी तो अटळ नव्हता. मुलं लहानपणी दगावत, तरुणपणी लढायांत किंवा आजारात जात, आणि राजाची मर्जीही बदलू शके.

रामसेस तिसऱ्याने आपली अनेक मुलं डोळ्यांदेखत गमावली. राण्यांच्या खोऱ्यात खाएमवासेत आणि आमुनहेरखेपेशेफ या त्याच्या दोन मुलांची थडगी आहेत. तिथल्या भिंतींवरचे रंग अजून टवटवीत आहेत. चित्रांमध्ये बाप स्वतः मुलाला घेऊन एकेका देवासमोर जातो, त्याची ओळख करून देतो. एरवी लढायांच्या शिल्पांत शत्रूंना तुडवणारा हा राजा इथे फक्त बाप दिसतो, आणि मला त्याचं हेच रूप जास्त खरं वाटतं. पण प्रत्येक मुलाच्या मृत्यूबरोबर वारसांचा क्रम बदलत होता. जो तिसरा होता तो दुसरा होई, आणि ज्या राणीने आपल्या मुलासाठी कधी स्वप्नही पाहिलं नसेल तिला ते पडू लागे.

राज्याच्या २२व्या वर्षाच्या सुमारास राजाने आपला वारस पुढे आणला. तोच पुढे रामसेस चौथा झाला. म्हणजे कट झाला तेव्हा वारस ठरलेला होता. तिये नावाच्या राणीला तिथे आपला मुलगा पेंतावेरेत हवा होता. (दोन शतकांपूर्वीची आमेनहोतेप तिसऱ्याची प्रसिद्ध राणी तिये ती ही नव्हे.)

आता एक बारीक गोष्ट. थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सॉरच्या, पश्चिमेला मेदिनेत हाबू इथे रामसेस तिसऱ्याचं भव्य देऊळ उभं आहे. त्यात पट्टराणीची आकृती कोरलेली आहे, पण तिच्या नावाच्या चौकटीची जागा कोरी ठेवलेली आहे. राजपुत्रांची रांग कोरताना त्यांची नावंही सुरुवातीला लिहिली नव्हती, ती पुढे भरली गेली. यामागे राजाचा सावधपणा होता, असं काही अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं. नाव कोरलं नाही तर कुणी रुसणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. पण कोरी जागा दिसली की ती भरावीशी वाटणारच, आणि तशी इच्छा धरणाऱ्या स्त्रिया त्याच वाड्यात राहत होत्या.

अंतःपुर म्हणजे काय

अंतःपुर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाळीच्या खिडक्या, पडदे आणि रिकामा वेळ येतो. इजिप्तमधलं राजाचं अंतःपुर त्याहून फार वेगळं होतं. ती एक मोठी संस्था होती. तिच्या मालकीच्या जमिनी होत्या, गुरं होती, धान्याचं उत्पन्न होतं. फायूमजवळच्या मेर-वेर इथल्या अंतःपुरात तलम कापड विणलं जाई. प्रत्येक अंतःपुराला मुख्य अधिकारी, लेखनिक, निरीक्षक आणि दरवान असा कर्मचारीवर्ग असे. राजाच्या राण्या, विधवा, बहिणी, मुलं, तसंच परदेशांशी तह करताना आलेल्या राजकन्या आणि त्यांच्या दासी अशी सारी माणसं तिथे राहत. काही स्त्रिया राजाबरोबर प्रवासातही असत, आणि खटल्याच्या कागदांत उल्लेख येतो तो अशाच, राजासोबत फिरणाऱ्या अंतःपुराचा.

म्हणजे राजपुत्र जिथे जन्मत आणि वाढत, ती हीच जागा. राज्याचा पुढचा धनी याच भिंतींच्या आत होता. इथली कोणती स्त्री उद्या राजमाता होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणून इथल्या लेखनिकापासून दरवानापर्यंत प्रत्येकाचं नशीब कोणत्या ना कोणत्या मुलाशी बांधलेलं होतं. तुमच्या मालकिणीचा मुलगा राजा झाला तर तुम्ही दरबारात वर चढलात. नाही झाला तर राजा बदलताच तुम्ही आणि ती दोघंही अडगळीत. माझ्या मते या कटाचं मूळ इथे आहे. महत्त्वाकांक्षा एकट्या तियेची नव्हती. ती त्या घराच्या रचनेतच होती, आणि तियेने तिला दिशा दिली.

याआधीही असं घडलेलं होतं. या कटाच्या हजाराहून अधिक वर्षं आधी पेपी पहिला या राजाच्या काळात अंतःपुरातल्या एका राणीविरुद्ध गुप्त चौकशी झाली होती. वेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यात मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलं आहे की, वजीर नाही, दुसरा मोठा अधिकारी नाही, राजाने विश्वासाने आत पाठवलं ते मलाच. राणीचा गुन्हा काय होता हे मात्र त्याने शब्दानेही सांगितलं नाही. गुपित जपलं, याचाच त्याला अभिमान होता.

म्हातारपणीचं राज्य

कट झाला तेव्हा रामसेस तिसऱ्याच्या राज्याचं ३२वं वर्ष चालू होतं आणि त्याचं वय साठीच्या घरात होतं. तरुणपणी त्याने मोठे पराक्रम केले होते. पाचव्या आणि अकराव्या वर्षी त्याने लिबियातल्या टोळ्यांना मागे रेटलं. आठव्या वर्षी समुद्रमार्गे आणि जमिनीवरून चालून आलेल्या, आज ‘सागरी लोक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांना त्याने जमिनीवरच्या आणि नाईलच्या मुखाशी झालेल्या लढायांत हरवलं. त्याच काळात आजच्या तुर्कस्तानातलं हित्ती साम्राज्य कोसळलं, सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित शहर जळून गेलं. इजिप्त टिकलं. पण टिकण्याची किंमत मोठी होती आणि ती कोठारांतून जात होती.

२९व्या वर्षी ते सगळ्यांना दिसलं. देर अल-मदीना या वस्तीत राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर राहत. त्यांना पगार धान्यात मिळे, साध्या कारागिराला महिन्याला साधारण साडेपाच पोती. ते धान्य येईना. तेव्हा महिन्याचे १८ दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत कारागीर काम टाकून वस्तीबाहेर पडले आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप. त्याच सुमारास वजीर मात्र राजाच्या राज्याभिषेकाला ३० वर्षं पूर्ण होण्याच्या उत्सवासाठी देवमूर्ती गोळा करत फिरत होता. दुसरीकडे देवळांच्या संपत्तीला तोटा नव्हता. कर्नाकच्या आमुन देवाच्या देवस्थानाकडेच ८६ हजारांहून जास्त माणसं कामाला होती.

हे सगळं कटाच्या कागदांत येत नाही, पण कट रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते नक्कीच असणार. राजा थकलेला, कोठारं रिकामी, लोक नाराज. अशा वेळी ‘लोकांना चिथवा’ हा सल्ला वेडगळ वाटत नाही.

आणि तो सल्ला खरोखर दिला गेला होता.

निरोप बाहेर गेले कसे

पेबेक्कामेन हा राजाच्या खासगी दालनाचा प्रमुख. राजाच्या खोलीत त्याला जाता येई आणि अंतःपुरातही. खटल्यातल्या नोंदीनुसार तो तिये आणि अंतःपुरातल्या स्त्रियांना सामील झाला आणि त्यांचे निरोप बाहेर त्यांच्या मातांना आणि भावांना पोहोचवू लागला. निरोपाचा आशय न्यायालयाने लिहून ठेवला आहे: लोकांना उठवा, वैर पेटवा, धन्याविरुद्ध बंड करा.

माता आणि भाऊ, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. अंतःपुरातली स्त्री माहेरापासून तुटलेली नव्हती. तिचा भाऊ सैन्यात होता, बाप किंवा काका कुठल्याशा देवळात किंवा कचेरीत होता. भिंतीच्या आतून ती ज्यांच्यावर भरवसा ठेवू शकत होती ती हीच माणसं. त्यांतला एक भाऊ तर कुश प्रांतातल्या, म्हणजे नुबियातल्या धनुर्धरांचा नायक होता. त्याच्या बहिणीने आतून त्याला पत्र धाडलं: लोकांना उठव, आणि बंड करायला ये. दक्षिणेतली धनुर्धरांची फौज थीब्जकडे वळली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पायीस नावाचा सेनापतीही कटात होता. राजाचे काही आबदार, म्हणजे त्याच्या पेयांची व्यवस्था बघणारे विश्वासू सेवक, खजिन्याचा एक अधिकारी, अंतःपुराचे निरीक्षक आणि लेखनिक, असं जाळं पसरत गेलं. दारावरच्या माणसांच्या सहा बायकाही यात सापडल्या. निरोप आत-बाहेर जायला दारच लागतं, आणि दाराची माणसं वश केल्याशिवाय ते उघडत नाही.

काहींचा गुन्हा फक्त एवढाच की त्यांनी कुजबुज ऐकली आणि वर कळवली नाही. त्यांनाही शिक्षा झाली. राजद्रोहात गप्प राहणं हाही द्रोहच, असा तो कायदा होता. त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की धडकी भरते. सांगावं तर राणीशी वैर, कट खोटा ठरला तर आपलीच मान जाणार. न सांगावं तरी मान जाणारच.

आबदारांपैकी एक लिबियन होता, दुसरा लिसियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. न्यायाधीशांमध्येही बाल-माहेर असं परदेशी नाव दिसतं. या काळात परदेशी मूळ असलेली माणसं दरबारात बरीच वर चढली होती. स्थानिक घराण्यांशी ज्यांचं नातं नाही, ती माणसं राजाला एकनिष्ठ राहतील असा विचार त्यामागे असावा. काही राहिली, काही नाही.

मेणाच्या बाहुल्या

या कटाला एक बाजू अशी आहे की ती आज वाचताना विचित्र वाटते, पण त्या काळच्या लोकांना ती शस्त्राइतकीच खरी होती.

पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये असलेल्या दुसऱ्या दोन पपायरसच्या तुकड्यांतून ती कळते. राजाच्या गुरांचा एक अधिकारी होता, पेनहुइबिन. त्याने भीती आणि सामर्थ्य देणारी मंत्रांची एक पोथी मिळवली, तीही खुद्द राजाच्या संग्रहातली. मग मेणाच्या आकृत्या बनवल्या गेल्या, त्यांच्यावर मंत्र घातले गेले, माणसांची गात्रं लुळी पाडण्याचे प्रयोग झाले. हेतू असा की पहारेकऱ्यांचे हातपाय गळावेत, त्यांना भान राहू नये आणि निरोप नेणाऱ्यांना वाट मोकळी व्हावी. आरोपींच्या यादीत सेखमेत देवीच्या पुजाऱ्यांचा प्रमुख आहे, एक जादूगार आहे, आणि ‘जीवनगृह’ या संस्थेतले लेखनिक आहेत. धर्मग्रंथ, वैद्यक आणि मंत्रविद्या यांच्या पोथ्या जिथे उतरवल्या आणि जपल्या जात, ते हे जीवनगृह.

मंत्रविद्या हा इजिप्तमध्ये गुन्हा नव्हता. राज्याच्या शत्रूंच्या मेणाच्या बाहुल्या करून त्या जाळण्याचे विधी देवळांत रीतसर चालत. वैद्य औषध देताना मंत्र म्हणत. म्हणजे कटवाल्यांनी जी विद्या वापरली ती राज्याचीच होती, पोथीही राज्याचीच होती. फक्त रोख उलटा केला. न्यायालयाला हीच गोष्ट फार भयंकर वाटली असणार. ज्या बळावर राजा सुरक्षित होता, तेच त्याच्यावर चालून आलं होतं.

खून जमला, उठाव फसला

कटाचे दोन भाग होते. आत राजाला मारायचं आणि बाहेर फौज व लोक उठवायचे, म्हणजे ठरलेला वारस गादीवर बसायच्या आत पेंतावेरेतला बसवता येईल. दुसऱ्या भागावाचून पहिल्याला अर्थ नव्हता. कारण इजिप्तमध्ये गादी रिकामी राहत नसे, आणि बापाची उत्तरक्रिया करणारा मुलगा तोच खरा वारस ठरे.

राज्याच्या ३२व्या वर्षी, उन्हाळ्याच्या तिसऱ्या महिन्याच्या १६ तारखेला, देर अल-मदीनाच्या कारागिरांना बातमी सांगण्यात आली: ससाणा आकाशात उडून गेला. राजाच्या मृत्यूची बातमी देण्याची ही तिथली रीत. पण त्याच दमात हेही सांगितलं गेलं की त्याच्या जागी नवा राजा सूर्यदेव रेच्या सिंहासनावर बसला आहे. तो नवा राजा म्हणजे रामसेस चौथा. वस्तीपर्यंत मृत्यूची बातमी पोहोचली ती नव्या राजाच्या नावासकट. कटवाल्यांना जो वेळ हवा होता तो मिळालाच नाही. कुशची फौज आली नाही, लोक उठले नाहीत. त्यांनी राजा मारला, पण वारस हातून सुटला.

खटला

खटल्यासाठी १२ जणांचं मंडळ नेमलं गेलं. खजिन्याचे अधिकारी, ध्वजधारी, आबदार, लेखनिक आणि राजाचा घोषक असे ते बारा जण होते. त्यांना नेमणारा राजा गुंडाळीच्या सुरुवातीला स्वतः बोलतो, आणि तो चक्क रामसेस तिसरा आहे. लोक काय बोलतात ते मला ठाऊक नाही, तुम्ही जाऊन तपासा, असं तो सांगतो. निरपराधाला शिक्षा होऊ देऊ नका, असं बजावतो. ज्यांनी जे केलं ते त्यांच्याच डोक्यावर पडो, मी मात्र आमुन-रे आणि ओसिरिस यांच्यासमोर न्यायी राजांमध्ये उभा आहे, असं म्हणतो. म्हणजे बोलणारा मृतांच्या जगात पोहोचलेला आहे.

मेलेल्या राजाच्या तोंडून बोलण्याची ही युक्ती नवी नव्हती. सुमारे आठशे वर्षं आधी आमेनेमहात पहिला या राजावर रात्रीच्या जेवणानंतर त्याच्याच पहारेकऱ्यांनी हल्ला केला होता. त्याचीही हकिगत त्याच्याच तोंडून, मुलाला केलेल्या उपदेशाच्या रूपात लिहिली गेली. फायदा दोन्ही वेळा मुलाचाच. निकाल बापाच्या नावाने लागला की सूड घेतल्याचा डाग मुलाला लागत नाही, आणि बापानेच आपल्याला निवडलं होतं हेही आपोआप ठसतं. म्हणून हे कागद वाचताना मी सतत लक्षात ठेवते की ते जिंकलेल्या माणसाच्या दरबारात लिहिले गेले. एकाही आरोपीचा बचाव त्यांत नाही.

शिक्षा हुद्द्याप्रमाणे झाल्या. पहिल्या यादीतल्यांना मृत्युदंड मिळाला. पेबेक्कामेन, अंतःपुरातले अधिकारी आणि दारावरच्यांच्या बायका याच यादीत येतात. दुसऱ्या यादीतल्या सहा जणांना न्यायालयातच आपला जीव घ्यायला लावलं गेलं. त्यांत सेनापती पायीस होता. तिसऱ्या यादीत चौघे आहेत, आणि त्यांत पेंतावेरेत. त्याच्याबद्दल लिहिलं आहे की, त्याला दोषी ठरवलं, आहे तिथेच सोडलं आणि त्याने आपला जीव घेतला. राजपुत्राच्या अंगाला जल्लादाने हात लावायचा नाही, एवढा मान राखला गेला. तियेचं काय झालं, यावर गुंडाळीत एक ओळही नाही. तिचं नाव येतं ते कायम दुसऱ्या कुणाच्या तरी गुन्ह्यात.

खटला चालू असताना काही स्त्रिया न्यायमंडळातल्या काही जणांच्या मुक्कामी गेल्या. आरोपी सेनापती पायीसही तिथे होता. सगळ्यांनी मिळून मद्यपान केलं, मजा केली. हे उघड झालं तेव्हा पाइबेस आणि माई हे दोन न्यायाधीश आणि त्यांच्याबरोबरचे दोन अधिकारी यांची नाकं आणि कान कापण्यात आले. पाइबेसने नंतर आत्महत्या केली. होरी नावाचा तिसरा न्यायाधीश ताकीद देऊन सोडला गेला. राजाच्या खुनाचा खटला चालवायला निवडलेल्या खास माणसांपर्यंत आरोपींचा हात पोहोचू शकत होता, यावरून दरबार आतून किती पोखरलेला होता ते दिसतं.

देहदंडाच्याही पुढे एक शिक्षा होती. इजिप्शियन माणसाच्या समजुतीत नाव हा माणसाचाच एक भाग. नाव उच्चारलं जात राहिलं तर मेल्यावरही तो जगतो. म्हणून बऱ्याच आरोपींची खरी नावं कागदात लिहिलीच नाहीत, ती उलटी करून लिहिली. एका आबदाराला मेसेदसुरे म्हटलं आहे, म्हणजे ‘रे ज्याचा द्वेष करतो तो’. जन्मदात्यांनी असं नाव ठेवणं शक्यच नाही. मूळ नाव ‘रे ज्याच्यावर प्रेम करतो तो’ असं असावं. धनुर्धरांच्या नायकाला ‘थीब्जमधला दुष्ट’ केलं. राजपुत्राविषयीही लिहिलं आहे की पेंतावेरेत हे त्याला दिलेलं दुसरं नाव. त्याचं खरं नाव आपल्यापर्यंत पोहोचू द्यायचं नव्हतं, आणि ते पोहोचलंही नाही.

ममीने दिलेली साक्ष

रामसेस तिसऱ्याची ममी १८८१ साली देर अल-बहारीजवळच्या एका गुप्त खड्ड्यात इतर अनेक राजांबरोबर सापडली. प्राचीन पुजाऱ्यांनी चोरांपासून वाचवण्यासाठी त्या सगळ्या तिथे हलवल्या होत्या. त्याच्या गळ्याभोवती जाड पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या, त्यामुळे खाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. सीटी स्कॅनने पट्ट्या न उघडता ते दाखवलं. स्वरयंत्राच्या खाली सुमारे सात सेंटिमीटर रुंदीचा, थेट मणक्यापर्यंत गेलेला घाव. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या चिरलेल्या. मृत्यू जागीच झाला असणार. जखमेत होरसच्या डोळ्याचा एक लहानसा ताईत होता. जखम भरून यावी म्हणून ममी करणाऱ्यांनी तो आत ठेवला. पुढच्या तपासणीत डाव्या पायाचा अंगठाही तोडलेला आढळला. तो घाव वेगळ्या, कुऱ्हाडीसारख्या हत्याराचा दिसतो, त्यामुळे हल्ला करणारे एकाहून अधिक होते असं अभ्यासकांना वाटतं. ममी करणाऱ्यांनी कापडाचा अंगठा करून तिथे बसवला होता, राजाने परलोकात धडधाकट उभं राहावं म्हणून.

त्याच खड्ड्यात एका तरुणाचीही ममी होती. अभ्यासक तिला ‘अनोळखी पुरुष ई’ म्हणतात. तोंड वासलेलं, आतले अवयव काढलेले नाहीत, नाव कुठेच नाही आणि अंगाभोवती जनावराचं कातडं, जे धर्मदृष्ट्या अपवित्र मानलं जाई. वय १८ ते २०च्या आसपास. डीएनए चाचणीतून तो रामसेस तिसऱ्याचा मुलगा असावा असं दिसतं आणि गळ्यावरच्या वळ्या फास लागल्यासारख्या आहेत. तो पेंतावेरेत असण्याची शक्यता म्हणूनच मोठी मानली जाते. अठरा-वीस वर्षांचा हा मुलगा कटाचा सूत्रधार होता की आईच्या आणि सेनापतीच्या हातातलं प्यादं, याचा निवाडा खटल्याच्या कागदांवरून मला करवत नाही. त्याच्या नोंदीत त्याने केलेली एकही कृती लिहिलेली नाही, लिहिली आहे ती आईशी असलेली हातमिळवणी.

वारसाचं काय झालं

रामसेस चौथ्याने गादी टिकवली, पण तिच्याविषयीची धास्ती त्याच्या प्रत्येक कृतीत दिसते. त्याने वडिलांच्या नावाने सुमारे ४२ मीटर लांबीची एक पपायरसची गुंडाळी तयार करवली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वडिलांनी कोणत्या देवळाला काय काय दिलं याची तीत मोठी जंत्री आहे, आणि शेवटी देवांना, अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना आवाहन आहे की माझ्या मुलाला सांभाळा, त्याच्याशी एकनिष्ठ राहा. पुन्हा तोच मेलेला राजा, पुन्हा मुलाच्या बाजूने बोलणारा.

चौथ्या वर्षी त्याने अबायडॉसला एक शिलालेख उभारला. रामसेस दुसऱ्याने ६७ वर्षं राज्य केलं, मी तर चारच वर्षांत तुझ्यासाठी त्याच्याहून अधिक केलं, तेव्हा मला त्याच्या दुप्पट आयुष्य दे, असं मागणं त्याने ओसिरिसकडे केलं. त्याला राज्य मिळालं साधारण सहा वर्षांचं. त्याच्यानंतर त्याचा मुलगा रामसेस पाचवा आला आणि चार वर्षांत गेला. मग गादी मागे वळून रामसेस तिसऱ्याच्या दुसऱ्या एका मुलाकडे, रामसेस सहाव्याकडे गेली. रामसेस तिसऱ्यामागे जेमतेम ८० वर्षांत त्याच नावाचे आठ राजे झाले. तोवर दक्षिणेत आमुनचे मुख्य पुजारी राजासारखे वागू लागले होते आणि ज्या थडग्यांसाठी कारागीर उपाशी राहिले होते ती लुटली जात होती.